रोज एक शब्द, रोज एक फोटो: शब्द फोडण्यापासून फाइल पाठवण्यापर्यंत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सकाळी एक शब्द मिळतो आणि त्यावर त्याच दिवशी काढलेला फोटो रात्री बाराच्या आत द्यायचा असतो. सुरुवातीचे दिवस बरे गेले, आता सगळे फोटो एकसारखे वाटतात. एडिटिंगला दोन-दोन तास जातात, तरी मनासारखं होत नाही. फोन पुरेल का, आणि एडिट नेमक्या कोणत्या क्रमाने करायचं?

फोन पुरतो. एडिटिंगला दोन तास लागतात तेव्हा बहुतेक वेळा असं झालेलं असतं की फोटो कशाबद्दल आहे हे काढताना ठरलेलं नव्हतं आणि आता ते स्लायडर हलवून शोधणं चाललंय. म्हणून उत्तर शब्दापासूनच सुरू करावं लागेल.

शब्द मिळाला की कागद-पेन घेऊन पाच मिनिटं बसा. पहिल्या तीन-चार कल्पना लिहा आणि त्यांच्यावर काट मारा. 'लाल' म्हटलं की गुलाब, सफरचंद, सिग्नल हे सगळ्यांनाच सुचतं. त्या कल्पना चुकीच्या नसतात, पण त्यांत तुम्ही स्वतः शोधून पाहावं असं काही राहिलेलं नसतं. मग तोच शब्द तीन तऱ्हांनी लिहून पाहा: वस्तू म्हणून, क्रिया म्हणून, अवस्था म्हणून. 'पाणी' घ्या. वस्तू म्हणून ग्लास, नळ, डबकं. क्रिया म्हणून गळणं, सुकणं, भिजणं, झिरपणं. अवस्था म्हणून ओल, तहान, भिंतीवर राहिलेला डाग. माझा कल नेहमी क्रियापदांकडे असतो, कारण क्रियेला आधी आणि नंतर असतं आणि त्यातला एक क्षण निवडावाच लागतो. 'सुकणं' वरून फरशीवर उमटलेलं ओलं पाऊल सुचतं, ज्याची टाच सुकलीय आणि बोटं अजून ओली आहेत. तो फोटो ग्लासभर पाण्यापेक्षा किती तरी जास्त बोलतो.

'शांतता', 'भीती', 'वाट पाहणं' असे शब्द आले की लोक हमखास खिडकीशी उदास बसलेलं माणूस काढतात. त्याऐवजी पुरावा शोधा. कुणी तरी बराच वेळ वाट पाहत होतं, हे खोलीत कशावरून कळेल? साय धरलेला कप, दाराच्या दिशेने वळवलेली खुर्ची, आणि शेजारी तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवलेल्या चपला. यातलं एकच घ्या. मग एक वाक्य लिहा: 'हा फोटो अमुकबद्दल आहे.' उदाहरणार्थ, 'हा फोटो सुकत चाललेल्या पावलाच्या कडेबद्दल आहे.' वाक्यात 'आणि' आला तर ते दोन फोटो आहेत, एक उद्यासाठी ठेवा. कुठे उभं राहायचं, काय फ्रेमबाहेर ठेवायचं, एडिटमध्ये काय अंधारायचं, हे सगळं पुढे याच वाक्याला विचारायचं आहे.

आता प्रकाश. 'सावली' हा शब्द या प्रकारात कधी ना कधी येतोच, तेव्हा तोच उदाहरणाला घेतो. आंद्रे केर्तेश या हंगेरियन छायाचित्रकाराने १९२८ मध्ये पॅरिसमध्ये ताटलीच्या कडेवर टेकवलेल्या एका काट्याचा फोटो काढला. काटा, ताटली, टेबल आणि त्यांच्या सावल्या, एवढंच. तुमच्या टेबलावर हा प्रयोग दहा मिनिटांत करता येतो आणि त्यातून सावलीची सगळी यंत्रणा कळते. खोलीतले दिवे बंद करा. एक छोटा टॉर्च दीड-दोन मीटरवरून मारा: सावलीची कड धारदार येईल. त्याच टॉर्चपुढे ट्रेसिंग पेपर धरा आणि तो वस्तूपासून ३० सेंटिमीटरवर आणा: कड विरघळेल. वस्तूच्या नजरेतून प्रकाशाचा स्रोत जितका मोठा दिसतो तितकी सावली मऊ, म्हणून लहानसा दिवा दूर नेला की कड कडक होते. सावलीची लांबी प्रकाशाच्या उंचीवर ठरते. ४५ अंशांवरून आलेल्या प्रकाशात सावली वस्तूइतकीच लांब, ३० अंशांवर साधारण पावणेदोन पट, २० अंशांवर पावणेतीन पट. उन्हालाही हाच हिशेब लागू आहे, त्यामुळे लांब सावल्या हव्या असतील तर दुपार सोडून द्या.

इथे दोन गोष्टी बिघडतात. खोलीत दुसरा दिवा चालू राहिला तर मुख्य सावलीशेजारी एक फिकट सावली पडते. ती एडिटमध्ये पुसत बसण्यापेक्षा बटण बंद करणं सोपं. दुसरी गोष्ट फोनची आहे. फोन अनेक फ्रेम एकत्र करून गडद भाग स्वतःहून उजळवतो, आणि ज्या सावलीसाठी हा खटाटोप चाललाय तीच राखाडी होते. फोकसच्या जागी बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) लॉक करा, मग एक्स्पोजर थोडं खाली ओढा. फोनमध्ये प्रो मोड किंवा रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर तो वापरा. कॅमेरा वापरत असाल तर लक्षात ठेवा, उजेड मोजणारा त्याचा मीटर समोरच्या सगळ्याला मधल्या राखाडीकडे नेऊ पाहतो. पांढरी ताटली फ्रेमभर असेल तर ती मळकट येईल, तिथे एक्स्पोजर ०.७ ते १ स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड). काळं कापड फ्रेमभर असेल तर तेवढंच कमी करा.

'काच' किंवा 'पारदर्शक' हा शब्द अनेकांना रडवतो, म्हणून तोही जवळून पाहू. काचेवर समोरून प्रकाश टाकला की फक्त चमकणारे ठिपके आणि तुमचं स्वतःचं प्रतिबिंब दिसतं. काच दिसते ती तिच्या कडांमुळे, म्हणून कडा काळ्या किंवा पांढऱ्या करायच्या. काळ्या कडांसाठी ग्लासच्या मागे साधारण अर्ध्या मीटरवर उजळ पार्श्वभूमी ठेवा, खिडकीवर चिकटवलेला ट्रेसिंग पेपर चालतो. उजळ भाग फ्रेमपेक्षा फार मोठा नसावा. मग फ्रेमच्या अगदी बाहेर, ग्लासच्या दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे उभे करा. वक्र काच बाजूचा काळा रंग वळवून आपल्याकडे आणते आणि ग्लासची बाह्यरेषा पेनाने काढल्यासारखी उमटते. पुठ्ठा सेंटिमीटरभर आत-बाहेर सरकवा, रेषा जाड-बारीक होताना दिसेल. पांढऱ्या कडा हव्या असतील तर उलट करा: ग्लासच्या नेमक्या मागे काळं कापड आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी येणारा प्रकाश. काढण्याआधी ग्लास धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि तळाशी धरून ठेवा, बोटांचे ठसे अशा प्रकाशात भलतेच उठून दिसतात. नळाच्या ताज्या पाण्यात बारीक बुडबुडे काचेला चिकटतात. उकळून गार केलेल्या पाण्यात ते फारसे येत नाहीत.

बाकी बहुतेक दिवशी एक खिडकी पुरते. वस्तू खिडकीच्या जवळ, हातभर अंतरावर ठेवली की मागची भिंत आपोआप अंधारते. तीच वस्तू दोन-तीन मीटर आत नेली की वस्तू आणि भिंत जवळपास सारख्याच उजळ दिसतात. पार्श्वभूमी लपवायची असेल तर पडदे शोधू नका, टेबल खिडकीकडे सरकवा. अंधाऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरला की सावली हलकी होते, काळा धरला की अजून गडद. आणि खिडकीचा प्रकाश वापरताना घरातला दिवा बंदच ठेवा. केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका प्रकाश पिवळा. दिवसाचा प्रकाश साधारण ५५०० केल्विनचा असतो, पिवळ्या बल्बचा २७०० ते ३०००. दोन्ही एकाच वेळी पडले तर चेहऱ्याची एक बाजू निळी आणि दुसरी नारिंगी होते. पिवळी-निळी झाक दुरुस्त करणारा व्हाइट बॅलन्सचा एक स्लायडर दोन्ही बाजू एकदम दुरुस्त करू शकत नाही. तुमचे दोन तास कुठे जातात याचा शोध घेतलात तर त्यातला मोठा वाटा या मिश्र प्रकाशात सापडेल, अशी माझी दाट शंका आहे.

फोनविषयी. आधी लेन्स पुसा. खिशातून काढलेल्या फोनच्या लेन्सवर तेलकट थर असतो आणि त्यामुळे दिव्याभोवती धुरकट वलय येतं, सगळा फोटो फिका पडतो. मुख्य लेन्स बहुतेक फोनमध्ये २४ ते २६ मिलिमीटरच्या तोडीची, म्हणजे बरीच वाइड, रुंद दृश्य घेणारी असते. चेहऱ्याच्या फार जवळ गेलात तर नाक मोठं आणि कान लहान दिसतात. वस्तू आणि चेहरे दोन पट झूमवर, दोन पावलं मागे सरकून काढा. अगदी जवळ गेल्यावर अनेक फोन गुपचूप अल्ट्रावाइड लेन्सवर उडी मारतात. चित्र एकदम थोडं सरकल्यासारखं दिसलं आणि रंग बदलला तर तेच झालंय. प्रकाश भरपूर नसेल तर थोडं मागे या आणि नंतर क्रॉप करा, म्हणजे कडा कापा. पोर्ट्रेट मोडचा धूसरपणा फोनच्या सॉफ्टवेअरने बनवलेला असतो, त्यामुळे केस, चष्म्याची काडी, काचेचा काठ इथे तो अडखळतो. पाठवण्याआधी त्या कडा मोठ्या करून पाहा.

कॅमेरा असेल तर टेबलावरच्या वस्तूंना एफ/५.६ ते एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप) ठीक. अगदी जवळून काढताना फोकसची खोली काही मिलिमीटरच उरते, तेव्हा कॅमेरा वस्तूच्या पृष्ठभागाला समांतर धरा. चालणाऱ्या माणसासाठी १/२५० सेकंद, पळणाऱ्या मुलांसाठी १/५०० किंवा त्याहून जलद शटर ठेवा. 'वेग' शब्द आला तर उलट १/३० वर ठेवून सायकलस्वाराबरोबर कॅमेरा फिरवत काढा, पार्श्वभूमी रेघांत वितळते. दहातले आठ फुकट जातील आणि तेवढं धरूनच चालायचं. वाहतं पाणी रेशमासारखं हवं असेल तर १/४ सेकंद किंवा जास्त, ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर. एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे येत असतील तर शटर विजेच्या लयीला जुळवा: वीज ५० हर्ट्झची असेल तिथे १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झची असेल तिथे १/६० किंवा १/१२०.

वीस-तीस फ्रेम काढा, पण त्या वेगळ्या असू द्यात. तीन अंतरं, तीन उंच्या, प्रकाशाच्या दोन दिशा. एकाच जागी उभं राहून साठ वेळा बटण दाबण्याने निवड अवघड होते, फोटो चांगला होत नाही. निवडताना फोटो मोठे करू नका, छोट्या चौकटींत पाहा. जो छोटा असतानाही कळतो तो पुढे जातो. एकच निवडा आणि बाकीचे बंद करा. तीन फोटो एडिट करून मग ठरवू, असं म्हणणाऱ्याची रात्र तिथेच संपते.

एडिटला बसताना आधी स्क्रीन ताळ्यावर आणा. ब्राइटनेस मध्यावर स्थिर, आपोआप बदलणारा ब्राइटनेस बंद, रात्रीचा पिवळसर फिल्टर बंद. तो फिल्टर चालू ठेवून रंग ठरवले तर सकाळी फोटो निळा दिसतो. फाइल रॉ असेल तर उत्तम: जेपेगमध्ये (नेहमीच्या फोटो-फाइलमध्ये) प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. सावल्या उजळवताना किंवा आकाशाचा रंग ओढताना जेपेगमध्ये पट्टे पडतात ते या पायऱ्या अपुऱ्या पडल्यामुळे.

पहिलं काम क्रॉप. फ्रेममध्ये काय राहणार हे ठरल्याशिवाय एक्स्पोजर ठरवता येत नाही, कारण कोपऱ्यातली उजळ खिडकी कापल्यावर उरलेला फोटो वेगळाच दिसतो. नजर चारही कडांवरून एकदा फिरवा: अर्धवट कापलेलं बोट, डोक्यातून उगवलेला खांब, कोपऱ्यातला पांढरा ठिपका. क्षितिज एक अंश कललं तरी डोळ्याला खुपतं. क्रॉप करायला घाबरू नका: ६००० × ४००० पिक्सेलच्या फोटोची प्रत्येक बाजू अर्धी केली तरी ३००० × २००० उरतात, स्क्रीनसाठी ते भरपूर आहेत. मग व्हाइट बॅलन्स, कारण रंग बदलला की उजळपणाही बदललेला वाटतो. मग एकूण एक्स्पोजर, मग हायलाइट्स (उजळ भाग) खाली, आणि गरज असेल तरच शॅडोज (गडद भाग) वर. शॅडोज खूप वर ओढल्या की नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, दिसतो आणि चित्र राखाडी, सपाट होतं. थोड्या उचलल्यावर ब्लॅक्स (सगळ्यात काळे भाग) किंचित खाली आणा, जमीन परत पायाखाली येते. पूर्ण पांढरा होऊन गेलेला भाग मात्र कुठल्याही स्लायडरने परत येत नाही, म्हणून शंका असेल तेव्हा काढतानाच थोडं कमी एक्स्पोजर ठेवलेलं बरं.

इथवर पाच-सात मिनिटं. आता ते लिहिलेलं वाक्य समोर घ्या, कारण पुढचं काम त्याच्यावरच चालतं. पावलाच्या कडेबद्दल फोटो असेल तर सगळ्यात जास्त कॉन्ट्रास्ट तिथे हवा आणि बाकीच्या फरशीने गप्प बसायला हवं. संपूर्ण फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवला तर फरशीचे सांधेही ओरडू लागतील. मास्क लावून, म्हणजे फोटोचा तेवढाच भाग निवडून, फक्त कड उचला आणि भोवतालचा भाग ०.३ ते ०.५ स्टॉप खाली न्या. स्नॅपसीड या फोनवरच्या ॲपमध्ये सिलेक्टिव्ह टूलने हवा त्या जागी बिंदू ठेवून, दोन बोटांनी त्याचा घेर कमी-जास्त करून हेच करता येतं. लाइटरूम किंवा फुकट मिळणाऱ्या डार्कटेबलमध्ये मास्क आहेतच. रंगांच्या बाबतीतही तोच न्याय लावा: मुख्य रंग भडक करण्याऐवजी त्याच्याशी भांडणारा रंग उतरवा. लाल छत्रीचा फोटो आहे आणि मागे हिरवी पाटी लक्ष वेधतेय, तर हिरव्याचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) २० ते ४० कमी करा, लाल रंगाला हात न लावताही तो उजळून दिसेल.

क्लॅरिटी किंवा स्ट्रक्चर हे पोत ठळक करणारे स्लायडर जपून वापरा. २० च्या पुढे गेलं की गडद वस्तूभोवती पांढरी झालर येते, झाडाच्या फांद्या आणि आकाश यांच्या सीमेवर ती पटकन दिसते, आणि माणसाची कातडी खडबडीत होते. कृष्णधवल करायचं असेल तर रंगाने काही सांगितलं जात नाही म्हणून करा. मिश्र प्रकाशातून सुटायचा तो एक प्रामाणिक मार्गही आहे. तसं करताना रंगांचे वेगवेगळे स्लायडर वापरा: निळा खाली नेला की आकाश गडद, लाल-नारिंगी वर नेले की चेहरा उजळ.

वीस मिनिटांचा गजर लावा. वाजल्यावर फोटो बंद करून दहा मिनिटं दुसरं काही तरी करा. मग आडवा उलटा करून, आरशात दिसेल तसा पाहा. सवयीने न दिसणारा तोल बिघडलेला असेल तर तेव्हा लगेच दिसतो. बऱ्याचदा सगळंच थोडं जास्त झालेलं असतं, तेव्हा प्रत्येक स्लायडर पाव हिश्शाने मागे घ्या. शार्पनिंग शेवटी, पाठवायच्या आकारात. लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपेग क्वालिटी ८० ते ८५, रंग एसआरजीबी (बहुतेक स्क्रीन वापरतात तो रंगसंच). अडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगसंचात पाठवलेली फाइल काही ॲपमध्ये फिकट दिसते, कारण ती ॲप तो संच ओळखत नाहीत. इन्स्टाग्रामसाठी उभा ४:५ फोटो १०८० × १३५० चा ठेवा. आणि फाइलमधली जागेची माहिती काढून टाका. रोज घरातून काढलेल्या फोटोंमध्ये तुमचं घर नेमकं कुठे आहे ते लिहिलेलं असू शकतं, हे विसरू नका. एक्स्पोर्ट किंवा शेअर करतानाच लोकेशन वगळण्याचा पर्याय मिळतो.

एकसारखेपणाचं सांगायचं राहिलं. गेल्या सात दिवसांचे फोटो एका चौकटीत शेजारी-शेजारी लावा. सगळे डोळ्याच्या उंचीवरून आहेत का? सगळ्यांत वस्तू मधोमध आहे का? सगळ्यांवर एकच प्रीसेट (तयार एडिट) आहे का? ज्याचं उत्तर 'हो', त्याच्यावर पुढचा आठवडा बंदी घाला. सगळे फोटो जमिनीवरून, किंवा सगळे उभे, किंवा एकही वस्तू मध्यभागी नाही. जागा बदलायची गरज नाही. जोसेफ सुदेक या चेक छायाचित्रकाराने १९४० ते १९५४ या काळात प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले, दवाने, पावसाने, बर्फाने धूसर झालेल्या त्याच काचेतून. खिडकी तीच होती, त्याने प्रकाश आणि ऋतू बदलू दिले.

रात्री नऊ वाजले आणि फोटो नाही, असे दिवस येणारच. त्यांच्यासाठी एक खोका भरून ठेवा: टॉर्च, ट्रेसिंग पेपर, काळं कापड, पांढरा आणि काळा पुठ्ठा, छोटा आरसा, पाण्याची स्प्रे बाटली, चिकटपट्टी. टेबलाच्या मीटरभर जागेत शब्द पुरा करता येतो. जुना फोटो काढून देऊ नका, द्यायचाच झाला तर जुना आहे असं लिहा. एआयने छोटा डाग किंवा तार पुसणं आणि शब्दातली वस्तूच फोटोत भरणं यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या बाबतीत तुमच्या उपक्रमाचे नियम आधी वाचा, आणि नियम परवानगी देत असले तरी तसं केल्याचं सांगा.

मूळ फाइल ठेवाच, तिच्या नावात तारीख आणि शब्द दोन्ही घाला, तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे फाइली आपोआप ओळीने लागतात. आठवड्यातून एकदा दोन वेगळ्या ठिकाणी प्रत काढा, त्यातली एक फोनबाहेर. न निवडलेल्या फ्रेम महिनाभराने उडवा, त्याआधी नको: पुढे कधी तरी दुसरा शब्द येतो आणि त्या वगळलेल्या फ्रेमवरून त्या दिवशी कुठे उभं राहायचं हे कळतं.